आप्पांचं नाक आणि कानबाईचा दिवा

प्रल्हादआप्पा कुणाच्याही घरी गेले की आधी उंबऱ्यातच थांबत. चपला काढायच्या निमित्ताने खाली वाकत आणि वाकल्या वाकल्या नाकाने हवा ओढून घेत. नवख्या माणसाला वाटे, म्हाताऱ्याला सर्दी झालीय. ओळखीच्या घरातली बाई मात्र मनातून ओशाळून जाई, कारण आता ती 'बसा' म्हणायच्या आत आप्पा सरळ स्वयंपाकघरात जाणार, शेगडीमागची रबरी नळी बोटांनी चाचपणार आणि पाहुण्यांसमोर विचारणार, "ही नळी कधीनी शे?" आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा माझी सासू आजारी होती. तिची चौकशी करायला आलेला हा माणूस तिच्याशी बोलला नंतर, आधी नळी बदलायला लावली. सासूबाई शेवटपर्यंत म्हणायच्या, तुझा तो शेठ मला बघायला आलाच नव्हता, बाटल्याला बघायला आला होता.

सुरतेत सिलिंडरला बाटला म्हणतात. आमच्या बुलढाण्याकडे टाकी म्हणायचे, पण इथे येऊन इतकी वर्षं झाली की आता माझ्याही तोंडात बाटलाच येतो. आप्पांची गॅसची एजन्सी डिंडोलीच्या रस्त्याला होती आणि मी तिथे काउंटरला बसायचे. नवरा बमरोलीत लूमवर, मी आप्पांकडे, आणि आमची खोली नवागामला. आप्पा मूळचे धरणगावकडचे. घरात, भाऊबंदांत अहिराणी, गिऱ्हाइकाशी गुजराती, कंपनीच्या साहेबांशी तुटकी हिंदी आणि माझ्याशी या सगळ्यांची मिसळ. पण कुठल्याही भाषेत ते बोलत एकाच गोष्टीबद्दल.

त्यांच्याइतका घाबरट माणूस मी दुसरा पाहिला नाही. हे मी आदराने लिहितेय. काही माणसं भित्री असतात आणि ती भीती लपवण्यात आयुष्य घालवतात. आप्पांनी आपली भीती दुकानाच्या पाटीसारखी बाहेर टांगून ठेवली होती. लग्नाच्या पंगतीत ते भट्टीपासून सगळ्यात लांबच्या टोकाला बसत. रिक्षा सीएनजीची असली की अर्ध्या वाटेत उतरत. एजन्सीतला फोन वाजला की त्यांचा हात आधी छातीकडे जाई, मग फोनकडे. आम्ही मागून हसायचो. नळीच्या तक्रारीचा साधा फोन आला तरी "कोन्ले लागनं का?" हा त्यांचा पहिला प्रश्न असे, म्हणजे कुणाला इजा झाली का. पलीकडची बाई गोंधळून म्हणे, नाही हो, शेगडी नीट पेटत नाही एवढंच. मग आप्पा खुर्चीत टेकत आणि पाणी मागत.

या भीतीला कारण होतं. एजन्सी नवी असताना बमरोलीकडच्या एका खोलीत भडका उडाला होता. मोठ्या बाटल्यातून छोट्या बाटल्यात गॅस भरून विकण्याचा धंदा तिथला भाडेकरू चोरून करायचा. त्याची बायको भाजली. बाटला आप्पांच्या एजन्सीचा होता, म्हणून पोलिसांनी आप्पांना बोलावून दिवसभर बाकावर बसवून ठेवलं. चौकशी झाली, दोष भाडेकरूचा निघाला, आप्पा सुटले. कायद्याने सुटले, असं ते म्हणत. पण त्या बाईला बघायला दवाखान्यात गेले तेव्हा तिच्या आईने त्यांना विचारलं की बाटला तुम्हीच पाठवला होता का. आप्पा हो म्हणाले. ती म्हातारी नुसती बघत राहिली. ती बाई वाचली, पण आप्पांना ती नजर पुरून उरली.

तेव्हापासून त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. कुठेही काही झालं, पेपरात कुठल्या गावची बातमी आली आणि आम्ही चूक कुणाची यावर वाद घालायला लागलो, की ते कोपऱ्यातून म्हणत, "चूक कोनीबी ऱ्हावो, बाटला मनाच शे ना." म्हणजे बाटला माझाच आहे ना. बाटला दुसऱ्या एजन्सीचा, दुसऱ्या शहरातला असला तरी.

त्यांचं काम पाहण्यासारखं होतं. बाटला पोचवणाऱ्या माणसाने गिऱ्हाइकासमोर वरची टोपी काढायची, तोंडात रबराचं वायसर आहे का बघायचं, पाणी टाकून बुडबुडे येतात का बघायचं आणि मगच रेग्युलेटर बसवायचा, हा नियम सगळीकडेच आहे. पाळतो कोण? सुरतेत सगळे घाईत. आमचा बाबूलाल बाटले पोचवायचा. तो सांगायचा की आप्पा अधूनमधून टेम्पोच्या मागे स्कूटर घालून येतात आणि तो घरातून बाहेर पडला की आत जाऊन बाईला विचारतात, त्याने पाणी टाकलं का. बाबूलालला याचा राग यायचा. एकदा तो भडकून म्हणाला, "सेठ, मुझ पे भरोसा नहीं?" आप्पा म्हणाले, तुझ्यावर आहे, वायसरवर नाही.

नाकाबद्दल त्यांची एक समजूत होती आणि ती मला फार भिववायची. माणूस वासात बसला की थोड्या वेळाने त्याला तो येईनासा होतो, असं ते सांगत. "नाक लवकर फितूर व्हस, ताई. म्हनीसन बाहेरना मानूसनं नाक पाहिजे." म्हणूनच ते उंबऱ्यात थांबत. घरच्या माणसांची नाकं फितूर झालेली असणार, आपलं अजून झालेलं नाही, हा हिशेब. आणि गॅस वर जात नाही, जमिनीलगत बसतो, म्हणून वाकायचं. हे सगळं कळल्यावर मी त्यांच्या वाकण्याला हसणं बंद केलं.

आता त्या श्रावणातली गोष्ट. ती सांगायचीच, कारण त्यानंतरचे आप्पा वेगळे होते.

नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी घरांत कानबाई बसते. नारळालाच देवीचं रूप देतात, नथ-दागिने घालून चौरंगावर मांडतात आणि भाऊबंदांची सगळी घरं एका घरात जमतात. त्या दिवशीच्या प्रसादाच्या स्वयंपाकाला रोट म्हणतात. पुरणपोळ्या, खीर, सगळं तिथेच शिजतं आणि भाऊबंदांनीच खायचं असतं. माझ्यासारख्या बाहेरच्या बाईने कितीही घरोबा असला तरी दारातून हात जोडायचे. देवीपुढचा दिवा सोमवारी विसर्जन होईतो विझू द्यायचा नाही. विझला तर त्या भावकीला वर्ष वाईट जातं, अशी श्रद्धा.

त्या वर्षी कानबाई आप्पांच्या पुतण्याकडे, गोकुळकडे बसली होती. त्याची खोली आमच्या खोलीला लागून. पुढची खोली, मध्ये पडदा, मागे स्वयंपाकघर. आप्पांच्या मोठ्या वहिनी, म्हणजे गोकुळची आई, जिजाबाई, तिथलं सगळं बघत होत्या. फार कडक बाई. सकाळीच घर धुऊन पुसून पवित्र केलेलं. घरचे बाटले पुरणार नाहीत म्हणून एक जास्तीचा हवा होता. आप्पांनी बाबूलालला पाठवलं आणि जाताना त्याला सांगितलं, ते माझ्या कानांनी ऐकलं, की आज आत शिरू नकोस, घर सोवळ्यातलं आहे, बाटला उंबऱ्याशी ठेव आणि ये. गोकुळ लावून घेईल. बाबूलालने मान डोलावली. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. देवीचा मान होता तो.

दुपारी श्रावणाचा वारा सुटला होता. दिवा फडफडायला लागला, म्हणून जिजाबाईंनी खिडक्या लावून घेतल्या, पंखा बंद करायला लावला आणि मागचं दार ओढून घेतलं. मी आमच्या दारात तांदूळ निवडत बसले होते. आतून पुरणाचा, तुपाचा, धुपाचा वास येत होता. बायका देवीची गाणी म्हणत होत्या. पोळ्या होऊन शेगड्या बंद झाल्या होत्या, खिरीच्या मोठ्या पातेल्यासाठी तो नवा बाटला जमिनीवरच्या शेगडीला जोडून ठेवला होता आणि आरती झाली की ती पेटवायची होती. सगळे पुढच्या खोलीत जमिनीवर बसले होते, बायका, पोरं, म्हातारे. गोकुळची लहान मुलगी पिंकी चौरंगाच्या पायाशी बसून खोकत होती. तिला कुणीतरी पाणी दिलं. धूप जास्त झालाय, असं म्हणाले.

आप्पा आले. धोतर, पांढरी टोपी, हातात फुलांची पुडी. मला बघून हसले, दारापाशी गेले, चपला काढायला वाकले. आणि वाकलेलेच राहिले. मला वाटलं कंबर धरली. मग ते सरळ झाले तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला आणि माझ्या हातातलं सूप खाली आलं. माणूस घाबरल्यावर पांढरा पडतो हे आपण नुसतं म्हणतो. आप्पा खरोखर पांढरे पडले होते.

ते ओरडले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "सर्वा जन उठा. बाहेर निंघा. बटनले कोनी हात लावू नका."

गाणं थांबलं, पण कुणी उठलं नाही. आप्पांचं घाबरणं सगळ्यांना वर्षानुवर्षं पाठ. कुणीतरी हसलंसुद्धा. जिजाबाई आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. ताटात कापूर होता आणि त्यांच्या हातात काडेपेटी. त्या म्हणाल्या, "आरती व्हऊ दे, मंग दख काय ते." आणि त्यांनी काडी बाहेर काढली.

मी दारात उभी होते. मला अजूनही कुठला वास येत नव्हता, फक्त धूप आणि तूप. पण आप्पांवर माझा विश्वास होता, आणि ती काडी पेटीवर टेकलेली मला दिसत होती. माझी स्वतःची मुलगी शेजारच्या खोलीत झोपली होती, मधली भिंत एका विटेची.

आप्पा बसलेल्या माणसांमधून वाट काढत गेले, जिजाबाईंचं मनगट धरलं आणि काडेपेटी काढून घेतली. धाकट्या दिराने वहिनीचा हात धरायचा, तोही देवीसमोर. मग त्यांनी देवीच्या तांब्यात बोटं बुडवली आणि कानबाईपुढच्या दिव्याची वात चिमटीत धरून विझवली.

एक म्हातारी तोंडावर पदर घेऊन रडायला लागली. दिवा विझल्यावर मात्र सगळे उठले. आप्पांच्या सांगण्याने नाही, देवीच्या धाकाने. लोंढ्यासारखे बाहेर आले. पिंकीला कुणीतरी माझ्या हातात दिलं. आप्पा एकटे पडद्यामागे गेले, मागचं दार उघडलं, खिडक्या उघडल्या, आणि बऱ्याच वेळाने तो नवा बाटला स्वतः ओढत अंगणात घेऊन आले. वयाने वाकलेला माणूस, कुणाला हात लावू देईना. मग वाऱ्याने तो वास आमच्यापर्यंत आला, आणि सगळ्यांना आला. सडक्या कोबीसारखा. पिंकी माझ्या खांद्यावर ओकली.

बाटल्याच्या तोंडात वायसर नव्हतं. गोकुळने रेग्युलेटर बसवला, चालू करून ठेवला, आणि तेव्हापासून गॅस जमिनीवरून पडद्याखालून पुढच्या खोलीत येत होता. दिवा चौरंगावर उंच होता म्हणून तेवढा वेळ मिळाला. बाबूलाल आत गेला असता तर पाणी टाकलं असतं, वायसर नाही हे दिसलं असतं. तो आत गेला नाही, कारण आप्पांनी जाऊ नको म्हटलं होतं. सगळ्या आयुष्यात एकदाच आप्पांनी तपासणी सोडली होती, आणि ती स्वतःच्या घरच्या देवीसाठी.

ते अंगणात बाटल्याशेजारी मटकन खाली बसले. मी पाणी नेलं आणि तांब्या मीच त्यांच्या तोंडाशी धरला. "ताई," ते म्हणाले, "मीच सांगं होतं त्याले, आत जाऊ नको म्हनीसन." एवढंच परत परत म्हणत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते एजन्सीत आले आणि त्यांनी स्वतः कंपनीच्या साहेबांना फोन लावला. मी अडवायला गेले. कुणाला इजा नाही, कुणाची तक्रार नाही, कशाला विस्तव अंगावर घ्यायचा, असं मी म्हटलं. एजन्सी जाईल, पोलीस येतील, असंही म्हटलं. बाबूलाल तर कोपऱ्यात रडायच्या बेतात उभा होता, खापर आपल्यावरच फुटणार म्हणून. आप्पा त्याच्याकडे बघून साहेबांना म्हणाले, "लडके की गलती नहीं, साहब. मैंने बोला था." पलीकडून साहेब काय म्हणाले ते मला नंतर कळलं. नुकसान नाही, तक्रार नाही, तर मी काय लिहू, पुढच्या वेळी नीट तपासा. आप्पांनी फोन ठेवला. त्यांना दम भरला असता, दंड केला असता, तर बरं वाटलं असतं. आता कायदा त्यांना धरायला तयार नव्हता आणि भावकी सोडायला तयार नव्हती.

कारण घरात चर्चा बाटल्याची झालीच नाही. चर्चा झाली दिव्याची. कुणी कुणी म्हणाले की जीव वाचले, आप्पांमुळे. पण म्हणाले ते दबक्या आवाजात. मोठ्या आवाजात हेच की दिवा हाताने विझवला, आता वर्ष कसं जातं बघा. आणि दिवाळीच्या आधी पिंकीला टायफॉइड झाला. साधा नाही, उतरेना असा. तिला पर्वत पाटियाच्या दवाखान्यात ठेवलं. आप्पा रोज तिथे जायचे आणि व्हरांड्यात बसायचे, आत जायचे नाहीत. मी एकदा डबा घेऊन गेले होते तेव्हा जिजाबाई आतून बाहेर आल्या. रात्रंदिवस जागून डोळे लाल झालेले. त्या आप्पांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दिवा तू इझाडा, भो. आते देवीले तूच सांग."

आप्पा म्हणाले, "हा. मीच इझाडा." बस्स. वासाचं, काडीचं, पिंकी चौरंगाच्या पायाशी बसली होती याचं, काहीही बोलले नाहीत. मला इतका राग आला. मी बोलणार होते, त्यांनी नुसता हात वर करून मला थांबवलं. त्या माणसाला पोलीस, कंपनी, कोर्ट या सगळ्यांची धास्ती होती. पण त्या दिवशी मला कळलं की त्याची खरी भीती दुसरीच होती. कुणीतरी त्यांना विचारेल, तुमच्यामुळे का, आणि त्यांना हो म्हणावं लागेल, ही ती भीती. आणि विचारलं की ते हो म्हणतच.

पिंकी बरी झाली, घरी आली, आज शाळेत जाते. पण आप्पांचं एजन्सीत मन लागेना. बाटला बाहेर पडायच्या आधी ते स्वतः प्रत्येकाचं तोंड तपासायला लागले, तेही एकदा नाही, परत परत. टेम्पो उभा राही, गिऱ्हाइकं ओरडत. शेवटी त्यांनी एजन्सी जावयाच्या हवाली केली आणि गावी जायचं ठरवलं. मी अजून तिथेच काउंटरला आहे. कधीतरी धरणगावहून त्यांचा फोन येतो. तब्येत विचारायच्या आधी विचारतात, "वास येत नही ना कुठे?" मी नाही म्हणते, आणि तरी फोन ठेवल्यावर उठून आत बघून येते.

पण मला ते आठवतात ते गावी जायच्या आधीचे, त्या पुढच्या श्रावणातले. कानबाई पुन्हा गोकुळकडेच होती. आप्पांना बोलावणं नव्हतं. तरी ते आले. गल्लीच्या तोंडाशी, पत्र्याच्या शेडखाली, भडका उडालाच तर बाटल्यावर टाकायला ओलं पोतं घडी करून शेजारी ठेवलेलं, आणि नाक आमच्या घरांच्या दिशेला. दुपारभर तिथेच उभे. मी चहा नेला तर नको म्हणाले. त्यांच्या भावकीतली माणसं समोरून गेली, कुणी थांबलं नाही.

आत गाणी सुरू झाली होती. वारा होताच. मी माझ्या दारात बसून बघत होते. खिडक्या लावलेल्या होत्या. तेवढ्यात जिजाबाई उठल्या, खिडकीपाशी आल्या, आणि गजांतून त्यांना गल्लीच्या तोंडाशी उभे असलेले आप्पा दिसले. किती वेळ त्या बघत राहिल्या सांगता येत नाही. मग त्यांनी कडी काढली आणि खिडकी सताड उघडली. मग दुसरी उघडली. आत कुणीतरी ओरडलं, दिवा, दिवा. जिजाबाई चौरंगाशी जाऊन बसल्या आणि दिव्याभोवती दोन्ही हातांची ओंजळ धरली. बाहेर त्या बघेनात. आप्पांना बोलावलं नाही. पण आरती होईपर्यंत, रोट होईपर्यंत त्या हात काढायला तयार नव्हत्या, आणि खिडक्या कुणाला लावू दिल्या नाहीत.

आप्पा तिथून हलले नाहीत. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि ओल्या पोत्यावर बसले, तोंड उघड्या खिडकीकडे करून.